दुखणे बारमाही, चाल एका दिवसाची

चालणाऱ्या माणसांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग डॉक्टरांनी सांगितले म्हणून चालतो. पहाटे कानटोपी घालून हा वर्ग बागेला फेऱ्या मारतो आणि दहाव्या फेरीनंतर कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात मिसळ खाऊन सगळा हिशेब बरोबर करून टाकतो. दुसरा वर्ग गाडी नाही म्हणून चालतो. त्याला कोणी चालायला सांगितलेले नसते, त्याची पावले कोणी मोजीत नाही, आणि त्याच्या वाटेच्या शेवटी मिसळ तर राहोच, पुष्कळदा प्यायला पाणीही नसते.

अलीकडे आपल्या शहरांतून तिसराही एक वर्ग दिसू लागला आहे. तो दुसऱ्यासाठी चालतो. एखाद्या सत्कार्याला पैसा हवा असतो. मग मंडळी दहा, वीस किंवा चाळीस किलोमीटर चालायचे जाहीर करतात, आणि त्यांचे स्नेहीसोबती दर किलोमीटरमागे अमुक रुपये देण्याचे कबूल करतात. छातीवर क्रमांक, पाठीवर कार्याचे नाव, शेवटी केळे आणि प्रशस्तिपत्र. या वर्गात आता दीर्घ आजाराची माणसेही असतात. कोणी मधुमेही, कोणाला दमा, कोणाला संधिवात, कोणी कर्करोगातून उठलेले. त्यांना पाहून आपण दोहोंपैकी एक उद्गार काढतो: ‘काय ही जिद्द!’ नाही तर ‘काय हा हट्ट!’ दोन्ही उद्गार जरा घाईचे आहेत, असे मला वाटते.

या गोष्टीचा विचार करायला मला यंदा कारण घडले. माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी येत्या थंडीत मोखाड्याहून जव्हारला पायी जाण्याचे ठरविले आहे. वीस-पंचवीस किलोमीटरची डोंगराळ वाट. जमेल तो पैसा त्या दोन तालुक्यांतल्या कायमच्या आजाऱ्यांसाठी खर्चायचा. ‘‘सर, तुम्ही आमच्या पुढे चाला,’’ त्यांतला एक म्हणाला, ‘‘तुम्हाला मधुमेह आहे, म्हणजे लोकांना स्फूर्ती मिळेल.’’ मी अकरा वर्षे हा मधुमेह सांभाळतो आहे आणि दिवसातून दोनदा इन्शुलिन टोचून घेतो. त्याचा कोणाला काही उपयोग होईल, ही कल्पना मला अगदीच नवी होती.

घरी या प्रस्तावाचे स्वागत झाले, असे म्हणता येणार नाही. ‘‘कॉलेजचा जिना चढताना मधल्या मजल्यावर सूचनाफलक वाचायला थांबता, तो कशासाठी थांबता हे मला ठाऊक आहे,’’ आमच्या सौ. म्हणाल्या. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, पैसेच द्यायचे तर नुसते देऊन टाका ना!’’ आई मात्र बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एकच प्रश्न विचारला: ‘‘ज्यांच्यासाठी चालणार, त्यांना काय हवे आहे ते विचारलेस का?’’

मुलीच्या म्हणण्याला उत्तर होते. आजारी माणसाने दुसऱ्यासाठी चालण्याची उदाहरणे आपल्याकडे मोठी आहेत. आईच्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधायला थोडे हिंडावे लागले. आधी उदाहरणांकडे वळू.

विनोबा भाव्यांची पदयात्रा आपण भूदानाच्या इतिहासात वाचतो. एका आजारी माणसाचा दिनक्रम म्हणून तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. १९३८ साली विनोबांची प्रकृती इतकी ढासळली होती, की गांधीजींना काळजी वाटू लागली. थंड हवेच्या ठिकाणी जा, असा आग्रह झाला, तेव्हा विनोबा वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी जाऊन राहिले. तेथे त्यांनी मनावरची सारी ओझी उतरवून ठेवली आणि शेतात खणायला सुरुवात केली. आरंभी अगदी थोडे, मग रोज थोडे अधिक. प्रकृती सुधारली, पण पोटातल्या व्रणाने पुढेही त्यांची पाठ सोडली नाही. ८ मार्च १९५१ रोजी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, हा माणूस हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाला. वाट सुमारे तीनशे मैलांची. संमेलनानंतर १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली, आणि भूदानाचा जन्म झाला. पुढे मधले मुक्काम सोडले तर १९६४ च्या एप्रिलपर्यंत विनोबा चालतच होते.

पोटात व्रण असलेला माणूस तेरा वर्षे चालला कसा? हट्टाने नव्हे, बेताने. पहाटे ऊन चढण्यापूर्वी कंदिलाच्या उजेडात निघायचे. दहा-बारा मैल झाले की त्या दिवसाची चाल संपली. आहार दह्या-दुधासारखा, पोटाला सोसेल तेवढाच. १९५२ च्या डिसेंबरात चांडिल येथे हिवतापाने गाठले, तेव्हा औषध न घेण्याचा त्यांचा निर्धार होता. पण लोकांच्या विनवण्यांपुढे त्यांनी तो सोडला, औषध घेतले आणि बरे होईपर्यंत तेथे मुक्काम केला. निर्धार सोडण्यालाही निर्धार लागतो.

दुसरे उदाहरण बाबा आमट्यांचे. २४ डिसेंबर १९८५ रोजी त्यांची ‘भारत जोडो’ यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. दोन दिवसांनी बाबांना एकाहत्तर वर्षे पुरी व्हायची होती. पाठीच्या मणक्यांनी असा दगा दिलेला, की बसणे अशक्य. उभे राहावे, चालावे, नाही तर आडवे पडावे. म्हणून शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर आणि बाबा गाडीत पलंगावर पडून, अशी ती यात्रा देशभर गेली. पलंगावर पडून केलेली यात्रा ही कसली यात्रा, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. शरीराला जे जमेल ते शरीराने करायचे आणि उरलेले इतरांच्या पायांवर सोपवायचे, यात बाबांना कमीपणा वाटला नाही.

तिसरे उदाहरण दूरचे आहे. कॅनडातल्या टेरी फॉक्स नावाच्या तरुणाचा एक पाय हाडाच्या कर्करोगापायी कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पाय लावून देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे धावत निघाला. कर्करोगाच्या संशोधनासाठी दर देशबांधवामागे एक डॉलर मिळवायचा, हा त्याचा पण. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि १ सप्टेंबरला त्याला थांबावे लागले; रोग फुप्फुसात पोचला होता. २८ जून १९८१ रोजी तो गेला, तेव्हा त्याला तेविसावे वर्ष चालू होते. पण त्याच्या डोळ्यांदेखत २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर जमले होते. वाट अर्धवट राहिली, काम राहिले नाही.

एकाने चाल बेताची ठेवली, दुसऱ्याने मदत घेतली, तिसरा थांबायची वेळ आली तेव्हा थांबला. दीर्घ आजाराच्या माणसाला याहून निराळे काय हवे? आपण बोलताना ‘आजारावर मात केली’ असे म्हणतो. जो आजार जायचाच नाही, त्याच्यावर मात कसली करणार? भाड्याच्या घरात एखादा कुरकुर्‍या बिऱ्हाडकरू शेजारी असावा, तसे त्याच्याशी सांभाळून राहायचे असते. तो केव्हा बिथरतो, हे एकदा कळले की दिवस ठीक जातो.

माझ्या डॉक्टरांनीही तेच सांगितले: ‘‘चाला, पण उपाशी नको, एकटे नको आणि पैजेवर नको.’’ इन्शुलिन घेणाऱ्या माणसाने लांबची चाल केली की रक्तातली साखर एकाएकी उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. त्या वेळी खिशात साखर हवी आणि शेजारी हे ओळखणारा माणूस हवा. पायाला फोड आला तर निरोगी माणूस ओरडतो. जुन्या मधुमेह्याच्या पायाला पुष्कळदा ते कळतही नाही, म्हणून दर विसाव्याला बूट काढून तळवे डोळ्यांनी पाहायचे. निघण्यापूर्वी आणि मध्ये साखर तपासायची, इन्शुलिन उन्हात तापू द्यायचे नाही. ही मधुमेह्याची यादी झाली. हृदयविकार, दमा, संधिवात यांची यादी वेगळी. ती ज्याची त्याने आपल्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. ज्याला डॉक्टरांनी चालू नका असे सांगितले असेल, त्याने घरी बसून पाकिटांवर पत्ते लिहावेत. तेही चालणेच आहे.

इतके झाल्यावर आईचा प्रश्न उरला. तो घेऊन मी सप्टेंबरात दोन दिवस जव्हार-मोखाड्याकडे जाऊन आलो.

जव्हार आपल्यापैकी पुष्कळांना सहलीमुळे ठाऊक असते. मुकणे राजांचे हे जुने संस्थान. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, दाभोसा धबधबा आणि कोकणच्या उकाड्यातून वर आल्यावर लागणारी गार हवा. पूर्वी याला ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत. १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात गेले. पावसाळ्यात येथे पाणी कोसळते, आणि उतारावरून तितक्याच वेगाने निघून जाते. मार्च-एप्रिल आला की कित्येक पाड्यांवर विहिरीचा तळ दिसतो आणि टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईच्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मध्य वैतरणेचे मोठे धरण मोखाडा तालुक्यातच आहे, आणि २०१४ पासून त्याचे पाणी मुंबईच्या नळांना येते.

या मुलखात आजारी माणूस कसा चालतो, ते पाहण्यासारखे आहे. मोखाड्यात भागले नाही तर जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात जावे लागते. तेथेही भागले नाही तर नाशिकला. माझे विद्यार्थी हौसेने जी वाट चालणार, ती तेथल्या रुग्णांची नेहमीची वाट आहे. मोठ्या रस्त्यावर एसटी आहे, जीप आहे. प्रश्न पाड्यापासून रस्त्यापर्यंतचा आहे. काही पाड्यांवर पावसाळ्यात वाहन पोचत नाही. मग बांबूला चादर बांधून तिच्या झोळीतून रुग्णाला आणतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाड्यातल्या मर्कटवाडीहून एका बाळंतिणीला असेच झोळीतून तीन किलोमीटर आणावे लागले. तिची जुळी बाळे त्याआधीच दगावली होती.

त्या भागातला एक कायमचा आजार म्हणजे सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी वाटोळ्या आणि लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. बारीक रक्तवाहिन्यांतून त्या पुढे सरकत नाहीत, अडकतात, आणि मग हाडांतून, सांध्यांतून, पोटातून असह्य कळा येतात. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी प्रथम याचे वर्णन केले. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो आढळल्याची नोंद झाली. आईबाप दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः धडधाकट पण रक्तात दोष बाळगणारे असले, तर दर अपत्याच्या वेळी चारात एक शक्यता आजाराची असते. आजार जन्माचा. रोजच्या गोळ्या, वरचेवर रक्ततपासणी, गरज पडेल तेव्हा रक्त देणे, हा त्याचा नेहमीचा इलाज.

आता हा आजार कशाने बळावतो ते पाहा. पाणी कमी पडणे, अतिश्रम, थंडी, ताप. म्हणजे कळा येऊ नयेत म्हणून पुष्कळ पाणी प्यावे, दमू नये, असे रुग्णाला सांगायचे. आणि पाणी तर टेकडीखालच्या विहिरीत, डोक्यावर हंडा घेऊन चढ चढल्याशिवाय मिळायचे नाही! डॉक्टर मला चालायला सांगतात आणि मी चालत नाही. तिकडे एखाद्या मुलीला डॉक्टर दमू नकोस म्हणून सांगतात आणि तिला चालल्यावाचून गत्यंतर नसते.

सरकारचे काही चाललेले नाही, असे नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे. आपल्या एसटीत सिकलसेलच्या रुग्णाला प्रवासाची सवलतही आहे. पण ती सवलत एसटीच्या पायरीपासून सुरू होते. पाड्यापासून त्या पायरीपर्यंत यायला जीपचे भाडे पडते, आणि रुग्णाबरोबर येणाऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. म्हणून गोळ्या फुकट असल्या, तरी त्या आणायला जाणे फुकट नसते.

तेथल्या एका आशाताईंना मी आईचाच प्रश्न विचारला: तुम्हाला काय हवे? त्या हसून म्हणाल्या, ‘‘दिवाळीत खूप माणसं येतात, सर. फराळ आणतात, कपडे आणतात, फोटो काढतात. पोरं खुश होतात. पण दिवाळी झाली की गाव वीटभट्टीवर जातं. गोळ्यांचं कार्ड इथं राहतं, माणूस भिवंडीला. तेव्हा कोणी येत नाही.’’ तेथली कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. आपली दिवाळी सरते, तेव्हा पाडे रिकामे होऊ लागतात. मधल्या सहा-सात महिन्यांत रोजची गोळी चुकते, आणि पहिला पाऊस पडता पडता कळा घेऊन माणूस परत येतो.

त्या बाईंच्या बोलण्यात तक्रार नव्हती; ती नुसती माहिती होती. पण परतीच्या वाटेवर ती माझ्या मनातून जाईना. आपले दान हंगामी असते आणि दुखणे बारमाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. मोटारींची रीघ लागली. नंतर वर्तमानपत्रांचे मथळे बदलले, मोटारी परतल्या. मन हेलावते तेव्हा हात खिशात जातो, आणि मन काही रोज हेलावत नाही. भूदानाचेही असेच झाले. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन कागदावर मिळाली, पण तिच्यातली पुष्कळशी वाटली गेलीच नाही. काही पडीक होती, काही वादात सापडली. चालून मिळविण्याचे काम विनोबांनी केले. मिळालेले घरोघर पोचविण्याचे काम मागे राहिलेल्यांचे होते, आणि त्याला पदयात्रेइतकी शोभा नव्हती.

म्हणून मी विद्यार्थ्यांपुढे दोन गोष्टी ठेवल्या. पहिली माझ्या स्वतःबद्दलची. मी आठ किलोमीटर चालेन. तेही सकाळच्या गारव्यात, खाऊन, आणि साखर उतरल्याची लक्षणे ओळखणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या सोबतीने. पुढे मी पाण्याच्या गाडीत बसेन आणि मागे राहिलेल्यांना उचलून घेईन. बाबा आमट्यांनी पलंग नेला, मला गाडीतली बाकडी चालेल. ‘‘मग स्फूर्तीचे काय?’’ असे एकाने विचारले. मी म्हटले, चोवीस किलोमीटर फरफटत जाऊन रुग्णालयात पडलेल्या प्राध्यापकापेक्षा आठ किलोमीटर चालून दुसऱ्या दिवशी वर्गावर आलेला प्राध्यापक पाहून मधुमेह्यांना अधिक धीर येईल.

दुसरी गोष्ट पैशाची. दर किलोमीटरमागे देणगी मागू नका, दर महिन्यामागे मागा. किलोमीटर एका दिवसात संपतात. दुखण्याला बारा महिने असतात. दोनशे रुपये एकदम देणाऱ्यापेक्षा महिन्याला पन्नास रुपये वर्षभर देणारा शोधा. तो शोधणे जड जाईल, हे मला ठाऊक आहे. त्या पैशातून पाड्यापासून एसटीपर्यंतचे भाडे द्या, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज द्या, आणि वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचा ठावठिकाणा लिहून ठेवा, म्हणजे गोळ्या त्यांच्या मागोमाग तेथे जातील. ही यादी ठेवायला कोणी तरी एक माणूस वर्षभर हवा. त्याच्या छातीवर क्रमांक नसेल, शेवटी त्याला कोणी केळे देणार नाही.

विद्यार्थी जरासे हिरमुसले. पैसा कमी जमेल, अशी त्यांना भीती वाटली; आणि ती अगदीच खोटी नाही. आतापर्यंत एकवीस जणांनी वर्षभराचे वचन दिले आहे. एक किलोमीटरमागे देऊ म्हणणारे साठ होते. पण या एकवीस जणांत आमच्या सौ. आहेत, आमच्या शेजारच्या किराणा दुकानदाराची म्हातारी आई आहे, आणि पन्नास रुपये जड जातात म्हणून दोघांत मिळून एक नाव लिहिणाऱ्या दोन विद्यार्थिनीही आहेत. यादी ठेवायचे काम मी घेतले आहे. रोजची साखर वहीत टिपून ठेवण्याची अकरा वर्षांची सवय आहे. त्या वहीत आणखी एक रकाना पाडायचा, एवढेच.

आईला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘आठच किलोमीटर चालणार ना? मग मी लाडू बिनसाखरेचे करत नाही. चारचौघांना पुरतील एवढे नेहमीचे करते. तू त्यांतला एक वाटेत खा.’’ डॉक्टरांना विचारले. वाटेत एक चालेल म्हणाले.